पिशवी काढली, पण मुख राहिले

“तिची पिशवी केव्हाच काढली, आता तिला कसला गर्भाशयाचा कर्करोग?” असे उद्गार आपण घरोघरी ऐकतो. हा समज वाटतो तितका निरुपद्रवी नाही. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

गर्भाशय हे उलट्या टांगलेल्या नासपतीसारखे असते. वरचा फुगीर भाग म्हणजे पिशवी. खालचा निमुळता भाग म्हणजे तिचे मुख. पूर्ण शस्त्रक्रियेत दोन्ही काढतात; अपूर्ण शस्त्रक्रियेत मुख तसेच राहते. झाड तोडावे आणि खुंट राहावा, तसे. प्रतिजैविके हाताशी नव्हती त्या काळी जंतुदोषाच्या भीतीने ही अपूर्ण शस्त्रक्रिया बरीच होत असे. आजही बाळंतपणातील अनावर रक्तस्राव किंवा आतड्याला, मूत्राशयाला चिकटलेले गर्भाशय अशा प्रसंगी ती करावी लागते.

आता, मुखाचा कर्करोग बहुतेक सर्व वेळी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हे संशोधन हाराल्ड त्सुर हाऊझेन यांचे. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे ठाणे मुखातच असल्यामुळे नुसती पिशवी गेल्याने धोका टळत नाही.

उपचारांची तत्त्वे नेहमीचीच. रोग लहान असेल तर तो खुंट, भोवतालचे ऊतक व लसिकाग्रंथी काढतात. पुढे गेला असेल तर बाहेरून किरणोपचार आणि त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध देतात. शिवाय किरणोत्सर्गी द्रव्य आत ठेवतात. खरी अडचण येथेच येते. गर्भाशय शाबूत असेल तर द्रव्याची नळी त्याच्या पोकळीत नीट बसते. खुंटात तेवढी जागा नसते; आणि मूत्राशय व आतडी जवळ सरकून चिकटलेली असल्यामुळे त्यांना इजा होण्याचे भय वाढते. तरीही निराश होण्याचे कारण नाही. रोगाची अवस्था सारखी असता, या स्त्रियांना येणारा गुण इतर रुग्णांच्या जवळपास असतो. महत्त्व आहे ते रोग वेळेवर सापडण्याला.

तो सापडतो कसा, याचे उदाहरण आपल्याच उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातले आहे. तेथे सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एचपीव्ही चाचणीची संधी मिळाली, त्यात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींना आमची विनंती एवढीच: मुख काढले की ठेवले, हे डॉक्टरांना विचारा; तो कागद जपून ठेवा. मुख असेल तर चाचण्या चालू ठेवा. अशा शस्त्रक्रियेनंतर काहींना दरमहा थोडे रक्त दिसते. पण ते साधे की रोगाचे, हा निवाडा घरी करू नका. संबंधानंतर रक्त दिसले, अंगावरून दुर्गंधी पाणी गेले, तर संकोच बाजूला ठेवून तपासून घ्या. येथे संकोचाची किंमत फार मोठी पडते.