ड्रायव्हरवरचा खोटा आळ

यवतमाळ जिल्ह्याला अभियांत्रिकीचं शिक्षण नवं नाही. पुसदचं बाबासाहेब नाईक महाविद्यालय १९८३ सालचं. अशा कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले, की आर्डुइनोच्या धर्तीवरचा स्वस्त बोर्ड लागतोच. मातीतला ओलावा मोजायचा असो की पंप चालू-बंद करायचा असो. बोर्ड उबुंटू लिनक्सच्या लॅपटॉपला जोडला, त्यावरचा दिवाही लागला, पण पोर्टच्या यादीत काहीच नाही, हा प्रकार नेहमीचा. त्यावरचा निकालही नेहमीचाच: लिनक्सला ड्रायव्हर नाही, विंडोज टाका. माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा साक्षीपुरावा न तपासताच दिलेला असतो. या स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० नावाची चिनी चिप असते आणि तिचा ‘सीएच३४१’ हा ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. तो कुठून उतरवून घ्यावा लागत नाही. म्हणजे ज्याच्यावर आळ आहे तो घरातच बसलेला असतो.

मग चोर कोण? साधी तपासणी ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने सुरू होते. प्रत्येक उपकरण स्वतःचे दोन क्रमांक सांगतं, एक उत्पादकाचा, एक वस्तूचा. या चिपचे १ए८६ आणि ७५२३. यादीत हे क्रमांकच नसतील तर ड्रायव्हरचा प्रश्न उद्भवतच नाही, आधी केबल बदलावी. मोबाइलसोबत मिळणाऱ्या काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. म्हणून दिवा लागतो आणि बोलणं मात्र होत नाही. क्रमांक दिसत असतील तर ‘डीमेसेज’ उघडावं. ही कर्नलची रोजनिशी. उबुंटू २२.०४ मध्ये तिच्यात एक गमतीदार नोंद सापडायची: सीएच३४१ ने बोर्ड ताब्यात घेतला, पोर्टही तयार झालं आणि लगेच ‘बीआरएलटीटीवाय’ने ते हिसकावलं. हा प्रोग्राम अंधांच्या ब्रेल फलकासाठी आहे. एका ब्रेल उपकरणात हीच चिप, हेच क्रमांक. त्यामुळे बिचाऱ्याला प्रत्येक बोर्ड ब्रेल फलकच वाटला. ब्रेलची गरज नसेल तर तो प्रोग्राम काढला की काम झालं. आणि पोर्ट दिसूनही ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं, तर वापरकर्त्याचं नाव ‘डायलआउट’ गटात घालून, लॉगआउट करून पुन्हा आत यावं. या तिन्हींत ड्रायव्हर निर्दोषच.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव सामान्य माणसाने का करावी? विंडोजवर तर आपोआप चालतं. चालतं, हे खरं. पण तिथली किल्ली उत्पादकाच्या खिशात असते. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या अशाच चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकला. ज्यांनी बोर्ड विकत घेतले त्यांना आपली चिप नकली आहे हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, तरी बोर्ड निकामी झाले. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. लिनक्सवाल्यांनी काय केलं, तर शून्य क्रमांकही आपल्या यादीत घालून घेतला, नि ते बोर्ड पुन्हा चालू लागले.

काही यंत्रं लिनक्सवर खरंच चालत नाहीत, हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. सेवा केंद्रात आधारसाठी अंगठा घेणारं यंत्रही यूएसबीचंच. पण त्याच्यासोबत उत्पादकाचं प्रमाणित, बंदिस्त सॉफ्टवेअर लागतं. ते लिनक्ससाठी दिलेलं नसेल तर रोजनिशी कितीही वाचा, उपयोग नाही. तिथे यंत्र घेण्याआधीच दुकानदाराला विचारून घ्यावं. बाकी वेळी मदत मागताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. यंत्र जोडल्यावर डीमेसेजमध्ये आलेल्या शेवटच्या वीस ओळी सोबत द्या.