एकच गाडी, देशागणिक वेगळा हिशेब : परफॉर्मन्स कारची उपलब्धता आणि मालकीचा खर्च

प्रस्तावना

जास्त ताकदीचे इंजिन, चांगले ब्रेक आणि वेगात स्थिर राहणारी चाकजोडणी असलेल्या गाडीला आपण सर्वसाधारणपणे परफॉर्मन्स कार म्हणतो. अशा गाडीची परदेशातली किंमत वाचली की आपण लगेच तिला विनिमय दराने गुणतो. २०२५ साली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही गाडी भारतात मर्यादित संख्येने आयात होऊन आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे ५३ लाख रुपये होती. त्याच वर्षी अमेरिकेत गोल्फ जीटीआयची किंमत साधारण ३२ हजार डॉलरपासून सुरू होत होती. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हे २७-२८ लाख होतात. उपकरणांत थोडा फरक असला, तरी किंमत जवळपास दुप्पट कशी झाली?

या पाठात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. गाडी कारखान्यातून निघाल्यापासून मालकाच्या हातून सुटेपर्यंत चार दारांतून जाते : देशात प्रवेश, खरेदी, दरवर्षीचा वापर आणि शेवटी विक्री. बहुतेक देश या चारही दारांवर काही ना काही घेतात. पण मोठी रक्कम कोणत्या दारावर घ्यायची, हे प्रत्येक देश वेगळे ठरवतो. म्हणून फक्त खरेदीच्या किमतीची तुलना केली तर निष्कर्ष चुकतो.

पहिले दार : गाडी देशात येऊ शकते का?

नवे मॉडेल विकण्याआधी ते त्या देशाच्या सुरक्षा आणि प्रदूषण नियमांत बसते, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. याला होमोलोगेशन म्हणतात. भारतात हे काम करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय ही एक. या चाचण्यांचा खर्च ठरावीक असतो. तो लाखभर गाड्यांवर वाटला तर जाणवत नाही. शंभर गाड्यांवर वाटला तर प्रत्येक गाडी महाग होते. कमी खपाची मॉडेल्स अनेक देशांत येत नाहीत, त्याचे हे एक मुख्य कारण.

ही अडचण लक्षात घेऊन भारत सरकारने २०१८ मध्ये नियम सैल केला. युरोप किंवा जपानसारख्या ठिकाणी आधीच मान्यता मिळालेल्या, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत वेगळ्या होमोलोगेशनशिवाय आणता येतात. मर्यादित संख्येत येणाऱ्या अनेक परफॉर्मन्स कार याच वाटेने येतात.

वापरलेली गाडी आणण्याचा मार्ग मात्र अरुंद आहे. सर्वसाधारण नियमानुसार ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. तिच्यावरचा आयात कर नव्या गाडीपेक्षाही जास्त आहे. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम नेमका आडवा येतो. संयुक्त अरब अमिरातीत गाडीवर ५ टक्के सीमाशुल्क आणि ५ टक्के व्हॅट एवढाच मुख्य कर आहे, त्यामुळे तिथे ताकदवान गाडी घेणे सोपे. पण तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. परत येताना ती गाडी तिथेच विकावी लागते.

अमेरिकेचे दार वेगळ्या प्रकारचे आहे. १९८८ च्या कायद्यानंतर तिथल्या सुरक्षा मानकांसाठी न बनवलेली गाडी २५ वर्षांची होईपर्यंत सर्वसामान्य माणसाला आयात करता येत नाही. जपानची निसान स्कायलाइन जीटी-आर आर-३२ ही १९८९ ची गाडी तिथे २०१४ पासून येऊ लागली. १९९९ ची आर-३४ यायला २०२४ उजाडले. इथे अडथळा पैशाचा नसून काळाचा आहे.

दुसरे दार : खरेदीच्या वेळचा कर

भारताचा हिशेब आधी पाहू. पूर्ण तयार स्थितीत येणाऱ्या, ४० हजार डॉलरपेक्षा महाग गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत उपकर लागतो, म्हणजे एकूण ११० टक्के. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के जीएसटी आहे. समजा, बंदरात पोहोचेपर्यंत गाडीची किंमत ५० लाख रुपये आहे.

• आयात कर : ५५ लाख. बेरीज १०५ लाख.
• जीएसटी, १०५ लाखांवर ४० टक्के : ४२ लाख. बेरीज १४७ लाख.

यात विक्रेत्याचा नफा आणि विमा धरलेला नाही. राज्याचा एकरकमी मोटार वाहन करही वेगळा. महाराष्ट्रात आयात गाडीसाठी तो २० टक्के असून १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे. दुसऱ्या टक्केवारीकडे नीट पाहा : जीएसटी हा मूळ ५० लाखांवर लागत नाही, आयात कर मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. करावर कर बसल्यामुळे आकडा इतका फुगतो.

हे दर कायमचे नाहीत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. त्यामुळे कोणताही हिशेब करताना त्या तारखेचा दर तपासा.

सिंगापूर याहूनही कडक आहे. तिथे गाडीच्या आयात किमतीवर २० टक्के उत्पादन शुल्क, त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी आणि वर अतिरिक्त नोंदणी शुल्क लागते. हे शुल्क टप्प्यांत वाढते : पहिल्या २० हजार डॉलरवर १०० टक्के, पुढच्या प्रत्येक २० हजारांवर अनुक्रमे १४०, १९० आणि २५० टक्के आणि ८० हजारांच्या पुढे ३२० टक्के. एक लाख सिंगापूर डॉलर आयात किमतीची गाडी घेऊ.

• उत्पादन शुल्क : २०,०००
• जीएसटी : १०,८००
• अतिरिक्त नोंदणी शुल्क : २०,००० + २८,००० + ३८,००० + ५०,००० + ६४,००० = २,००,०००
• आतापर्यंतची बेरीज : ३,३०,८०० सिंगापूर डॉलर

एवढे भरूनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यासाठी सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट, म्हणजे सीओई, लिलावात विकत घ्यावे लागते. ही पद्धत १९९० पासून आहे आणि प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटातले सीओई दीड लाख सिंगापूर डॉलरपर्यंत गेले होते.

आता ऱ्हाईन नदीच्या दोन काठांवर जाऊ. अलीकडे फ्रान्सचे स्ट्रासबर्ग, पलीकडे जर्मनीचे केल. दीड लाख युरोची, चार लिटर इंजिनाची, किलोमीटरमागे २८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी दोन्ही काठांवर घेतली असे समजा. व्हॅटमध्ये फरक एका टक्क्याचा : फ्रान्समध्ये २०, जर्मनीत १९. पण फ्रान्समध्ये नोंदणीच्या वेळी मालुस नावाचा कार्बन दंड लागतो. २०२५ मध्ये तो ११३ ग्रॅमपासून सुरू होत होता आणि १९२ ग्रॅमच्या पुढे ७० हजार युरोंवर पोहोचत होता. फक्त गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. आपल्या गाडीला पूर्ण ७० हजार लागतात. जर्मनीत नोंदणीवर असा दंड नाही. कार्बनचा भार तिथे वार्षिक करात आहे. तो पुढे पाहू.

तिसरे दार : दरवर्षीचा खर्च

जर्मनीत पेट्रोल गाडीला दर १०० सीसीमागे २ युरो आणि ९५ ग्रॅमच्या पुढच्या कार्बनवर वाढत्या दराने वार्षिक कर लागतो. आपल्या २८० ग्रॅमच्या गाडीचा कर वर्षाला सुमारे ६८० युरो येतो. दहा वर्षांत ६,८०० युरो. फ्रान्समधल्या एका दिवसाच्या दंडाच्या दहाव्या भागाहूनही कमी.

फेरारीची भूमी असलेल्या इटलीत कर शक्तीवर आहे. १८५ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५० हॉर्सपॉवर, याच्या वर प्रत्येक किलोवॅटला वर्षाला २० युरो जादा भरावे लागतात. ४०० किलोवॅटच्या गाडीचे ४,३०० युरो होतात. गाडी पाच वर्षांची झाली की हा अधिभार टप्प्याटप्प्याने कमी होतो आणि वीस वर्षांनी संपतो.

जपानमध्ये माप सीसीचे आहे. नव्या नोंदणीच्या दोन लिटरपर्यंतच्या गाडीला वर्षाला ३६,००० येन, सहा लिटरच्या वर १,१०,००० येन, तर ६६० सीसीच्या केई गाडीला फक्त १०,८०० येन. शिवाय शाकेन ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी असते. पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की वार्षिक कर वाढतो. इटलीत जुन्या गाडीला सवलत आणि जपानमध्ये जास्तीचा भार, हा फरक लक्षात ठेवा.

करांखेरीज विमा, टायर, ब्रेक आणि इंधन आहेच. ताकदवान गाडीचे रुंद टायर लवकर झिजतात आणि विमा कंपन्या मॉडेलच्या जोखमीनुसार हप्ता ठरवतात.

माप बदलले की गाडीही बदलते

कर कशावर मोजला जातो, त्यानुसार कंपन्या गाडी घडवतात. १९७० च्या दशकात इटलीत दोन लिटरवरील गाड्यांना ३८ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट व्हॅट होता. म्हणून फेरारीने देशांतर्गत ग्राहकांसाठी २०८ जीटी-४ ही दोन लिटरपेक्षा किंचित लहान व्ही-८ इंजिनाची गाडी काढली. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. एक लिटरचे टर्बो इंजिन बसवलेल्या चपळ छोट्या गाड्या भारतात दिसतात, त्याला या रेषेचाही हातभार आहे.

चौथे दार : विक्री

मालकीचा खरा खर्च काढण्याचे सूत्र असे :

वार्षिक खर्च = (खरेदीचा एकूण खर्च − विक्रीची किंमत) ÷ वर्षे + दरवर्षीचे कर, विमा, दुरुस्ती आणि इंधन

एक लाख सिंगापूर डॉलरचे सीओई दहा वर्षांत संपते. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी वर्षाला दहा हजार डॉलर गेले. अमेरिकेत मात्र २५ वर्षांच्या नियमामुळे काही जपानी गाड्यांची मागणी पात्र ठरण्याच्या सुमारास वाढते आणि मालकाला चांगली किंमत येऊ शकते. भारतात भरलेला आयात कर पुढचा गिऱ्हाईक वेगळा देत नाही. तो फक्त त्या दिवशी गाडी काय भावाने मिळते ते पाहतो. म्हणून पहिल्या मालकाचे नुकसान मोठे असते आणि तीन-चार वर्षे वापरलेली गाडी दुसऱ्या मालकाला तुलनेने परवडते.

कमी कराच्या राज्यात नोंदणी करून पैसे वाचवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथे नवी नोंदणी करावी लागते आणि त्या राज्याचा करही लागू होतो. ही बचत टिकत नाही.

सारांश

भारत आणि सिंगापूर मुख्य रक्कम सुरुवातीलाच घेतात, फ्रान्स नोंदणीच्या दिवशी कार्बनवर घेतो, इटली आणि जपान दरवर्षी घेतात, अमेरिका काळाची अट घालते. परदेशात नोकरीला जाणार असाल किंवा तिथून परतणार असाल, तर गाडीचा निर्णय घेण्याआधी चारही दारांचा हिशेब कागदावर मांडा.

स्वाध्याय

१. बंदरात ६० लाख रुपयांना पडणाऱ्या गाडीची जीएसटीपर्यंतची किंमत काढा.
२. सिंगापूरमध्ये ५० हजार डॉलर आयात किमतीच्या गाडीचे अतिरिक्त नोंदणी शुल्क किती होईल?
३. इटलीत ३०० किलोवॅटच्या नव्या गाडीवर वर्षाला किती अधिभार लागेल?
४. कर सीसीवर असावा, शक्तीवर की कार्बनवर? तुमचे मत कारणांसह लिहा.