घंटा वाजली, पण ऐकली कोणी?

उसाचा हंगाम सुरू झाला, की आमच्या सोनईच्या रस्त्यांवर मुळा सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यावरूनच ही खोटी-खोटी गोष्ट सुचली.

एका कारखान्याच्या फाटकावर एक चौकीदार होता. नियम असा, की गाडीवानानं एकदा घंटा वाजवायची आणि चौकीदारानं उठून फाटक उघडायचं. एका रात्री त्यानं रस्त्यावर नजर टाकली. गाडी नाही! तो खाटेकडे वळला. रेडिओ जोरात चालू होता. नेमकी तेव्हाच गाडी आली, घंटा वाजली. त्याला ऐकूच गेली नाही. मग त्यानं रेडिओ बंद केला आणि गुडूप झोपला. गाडीवान म्हणतो, 'मी तर घंटा वाजवली.' चौकीदार निश्चिंत, 'घंटा वाजली की उठेनच.' दोघंही सकाळपर्यंत थांबले. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, ते नुकसान वेगळंच!

संगणकातही अगदी असंच होतं. दूरच्या संगणकांशी बोलण्यासाठी प्रोग्रॅमकडे 'सॉकेट' नावाची दारं असतात. 'कुठल्या दारात निरोप आलाय का?' असं तो विचारत राहतो. याला 'पोलिंग' म्हणतात. निरोप नसेल तर तो झोपतो. सॉकेटवरचा निरोप दारातच पडून राहतो, तो सहसा हरवत नाही. हरवते ती 'सिग्नल'ची हाक, आपल्या घंटेसारखी. पाहणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत ती आली, की गेलीच! आधी हाक की आधी झोप, या शर्यतीवर सारं अवलंबून. म्हणून या चुकीचं नाव 'रेस कंडिशन'.

ही चूक लहान समजू नका हं. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती. पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा रेस कंडिशनमुळेच मुकी झाली होती.

मग उपाय? चौकीदारानं भरभर चालावं? छे! फट लहान होईल, बुजणार नाही. त्यापेक्षा गाडीवानानं खिडकीतून उशीवर एक खडा टाकावा. चौकीदार झोपलेला असेल तर खडा लागून उठेल. झोपायला येत असेल तर डोकं टेकताच टोचेल. घंटेचा आवाज विरतो, खडा राहतो! प्रोग्रॅमर हेच करतात. हाक आली, की प्रोग्रॅम स्वतःच्याच एका नळीत एक अक्षर टाकतो आणि सॉकेटांबरोबर त्या नळीवरही नजर ठेवतो. दुसरा उपाय म्हणजे हाकेसाठी कान उघडणं आणि झोपणं ही एकच न तुटणारी क्रिया करायची. 'पीसिलेक्ट' ही सोय त्यासाठीच आहे. गंमत म्हणजे, लिनक्समध्ये २००६ सालच्या २.६.१६ या आवृत्तीआधी ती नुसती नावालाच होती. आत दोन कामं वेगवेगळीच व्हायची, आणि फट तशीच!

वर्गात आम्ही याचं नाटक केलं. कितीतरी वेळा घंटा बरोबर ऐकू आली. चूक सापडेचना! मग मी चौकीदाराला सांगितलं, 'खाटेवर जाण्याआधी बुटाची नाडी बांध.' लगेच दरवेळी घंटा हुकू लागली. प्रोग्रॅमरही अशीच मुद्दाम दिरंगाई घालून लपलेली चूक पकडतात.

मग खडा घेतला, तरी एकदा गाडी बाहेरच राहिली! चौकीदारानं आधी रस्ता पाहिला, मग उशीवरचा खडा काढून फेकला. आणि तो तर मधल्या वेळात आलेल्या नव्या गाडीचा होता. 'बाई, आधी खडा काढायचा, मग रस्ता बघायचा!' मागच्या बाकावरून आवाज आला. तसं करून पाहिलं. तास संपेपर्यंत एकही गाडी अडकली नाही.