एका थेंबात सहा परार्ध

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला परमँगनेटचं टायट्रेशन चुकत नाही. ब्युरेटमध्ये गडद जांभळं पोटॅशियम परमँगनेट. शंकुपात्रात पिपेटने घेतलेलं १० मिलिलीटर ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल. मिश्रण ६०-७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि ब्युरेटची तोटी सोडायची. पहिल्या थेंबांचा रंग लवकर जात नाही. अभिक्रियेतून थोडं मँगनीज तयार झालं की तेच पुढच्या अभिक्रियेला वेग देतं आणि मग थेंब पडता पडता रंगहीन होऊ लागतात. शेवटी एक थेंब असा पडतो, की फिकट गुलाबी छटा जायचं नाव घेत नाही. तोटी बंद. द्रावण गडद असल्याने वरची कड धरून रीडिंग घ्यायचं, असं तीनदा करायचं, आणि आकडे जुळले की सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून चौकटीत लिहायचं.

या शेवटच्या थेंबात आहे तरी काय, ते मोजून पाहू. ब्युरेटचा थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा असतो, म्हणजे मिलिलीटरला वीस थेंब. द्रावण ०.०२ मोलर, म्हणजे लीटरभर द्रावणात ३.१६ ग्रॅम परमँगनेट. गुणाकार केला तर थेंबात मोलचा दहा लाखावा भाग येतो. दहा लाखावा म्हटल्यावर काहीच नाही असं वाटतं. पण एक मोल म्हणजे ६०२२ लिहून त्यापुढे २० शून्यं. त्याला दहा लाखांनी भागलं, तरी ६०२२ वर १४ शून्यं उरतात. एवढे परमँगनेटचे आयन त्या एका थेंबात असतात.

लाख-कोटीच्या हिशेबात ही संख्या नीट बसत नाही. मात्र आपल्याकडे तिच्यासाठी मोजमाप आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दशमान स्थानांची नावं दिली. एकापासून निघालेली ही ओळ अठराव्या स्थानी परार्धावर थांबते, आणि परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. ज्या संख्येवर ती यादी संपते, तिच्या सहापट आयन आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका थेंबात पडतात. सहा परार्ध.

सेकंदाला एक आयन या वेगाने, न झोपता, हा थेंब मोजायला बसलं तर सुमारे १९०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. जगातल्या ८०० कोटी माणसांत हा थेंब वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात कोटी आयन येतील.

आता हा थेंब कोयना धरणात टाकू. धरण पूर्ण भरलेलं, म्हणजे सुमारे १०५ टीएमसी. लीटरमध्ये सांगायचं तर जवळपास तीन लाख कोटी लीटर. सगळं पाणी एकजीव ढवळलं आणि आयन वाटेत दुसऱ्या कशाशी अभिक्रिया न होता टिकले, असं धरू. मग धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे शिवसागराच्या, कुठल्याही कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब उचला, त्यात आपल्या त्या थेंबातले सुमारे दहा आयन सापडतील. मी हे गणित पुन्हा पुन्हा तपासलं आहे आणि दर वेळी उत्तर पाहून थक्क झालो आहे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. द्रावणात परमँगनेटच्या एका आयनामागे पाण्याचे सुमारे २,७७५ रेणू असतात. एवढ्या गर्दीत तो एकटा असतो, तरी ब्युरेट काळपट जांभळी दिसते.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पुढची आहे. परमँगनेटचे २ आयन ऑक्झॅलिक आम्लाचे ५ रेणू संपवतात, हे प्रमाण पक्कं. ०.०५ मोलर आम्लाचं १० मिलिलीटर घेतलं तर त्यात सुमारे ३,०११ परार्ध रेणू असतात, आणि ते संपवायला बरोबर १० मिलिलीटर परमँगनेट लागतं. त्यात १,२०४ परार्ध आयन. सतरा वर्षांची मुलगी काचेच्या एका नळीकडे पाहून १०.० असं लिहिते, तेव्हा तिने हजारो परार्ध रेणूंचा हिशेब पुरा केलेला असतो. एकही रेणू डोळ्यांनी न पाहता, साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर विसंबून. जर्नलमध्ये सीबीआरच्या खाली मोलॅरिटी येते, ग्रॅम प्रति लीटर येतं, पण ही संख्या कुठेच येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकदा तरी ती मुलांकडून लिहून घ्यावी. शेजारच्या बाकावरचं रीडिंग उतरवताना आपण काय गमावतो आहोत, ते मग कळेल.

हिशेब कितपत काटेकोर? ब्युरेटवरची सर्वांत लहान रेघ ०.१ मिलिलीटरची. दोन रीडिंग एका रेघेच्या फरकाने आली, तर त्या फरकात १२ परार्ध आयन असतात. दहा मिलिलीटरमागे हा एक टक्का झाला. मुलांनी निराश व्हावं असं यात काही नाही. प्रमाणित द्रावणासाठी ऑक्झॅलिक आम्ल ज्या चांगल्या तराजूवर तोलतात, त्याचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅमचा असतो. दार उघडं राहिलं तर वाऱ्याने हलणारा तो एक आकडा म्हणजे आम्लाचे जवळपास पाच परार्ध रेणू. तराजूचा शेवटचा आकडा आणि ब्युरेटचा एक थेंब, दोन्ही पाच-सहा परार्धांच्या घरात येतात.

दुसऱ्या एका टायट्रेशनमध्ये संख्या याहून चमत्कारिक वागतात. शंकुपात्रात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, २५ मिलिलीटर. ब्युरेटमध्ये तितकंच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला पात्रात हायड्रोजनचे सुमारे १५,००० परार्ध आयन, पीएच १. एकेक मिलिलीटर करत २४ मिलिलीटर ओतलं तरी पीएच जेमतेम २.७ पर्यंत चढतो. एवढी ब्युरेट रिकामी करून आम्लाची तीव्रता फक्त पन्नासेक पटींनी उतरली. फिनॉल्फ्थॅलिन टाकलेलं असलं तरी द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. मुलं इथेच कंटाळतात आणि तोटी जास्त उघडतात.

पण शेवटचा एक थेंब बाकी असताना पीएच ४ असतो आणि पात्रात हायड्रोजनचे ३० परार्ध आयन असतात. तो थेंब पडला की पीएच ७. त्यावर आणखी एक थेंब पडला की पीएच १०, आणि पात्रात उरतात सुमारे तीन लाख कोटी आयन. राज्याच्या अर्थसंकल्पात शोभेल असा हा आकडा रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळपास शून्य! दोन थेंबांत, म्हणजे ०.१ मिलिलीटरमध्ये, तीव्रता दहा लाख पटींनी खाली आलेली असते. आधीच्या २४ मिलिलीटरनी पन्नास पट, आणि या दोन थेंबांनी दहा लाख पट.

म्हणूनच फिनॉल्फ्थॅलिन चालतं. द्रावण उदासीन होतं ते पीएच ७ ला, आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होऊ लागतं ते ८.२ च्या पुढे, १० पर्यंत. वरवर पाहता हा दर्शक एन्ड पॉइंट चुकवतो. पण ७ पासून १० पर्यंतची सगळी चढण एका थेंबात होऊन जाते. फिकट गुलाबीवर थांबा की गडद गुलाबीवर, ब्युरेटमधला फरक एका थेंबापेक्षा जास्त होत नाही.