गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय? पाना हातात घेण्याआधी पुठ्ठा टाका

सेकंडहँड छोटा हत्ती घ्यायचा आणि कळमना मार्केटचं भाडं धरायचं, असा विचार असलेले बरेच जण भेटतात. विचार चांगला आहे. टाटा एस 2005 मध्ये आली, त्यामुळे आज स्वस्तात मिळणाऱ्या गाड्यांची वयंही तशीच असतात, आणि त्या वयाच्या गाडीखाली तेलाचा डाग हमखास दिसतो.

माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीला असाच डाग होता. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मी लगेच हो म्हटलं. ऐन संत्र्याच्या सीझनमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. नवीन सील पडलं आणि आठवड्याभरात डाग परत! मूळ दोष निघाला ब्रीदरमध्ये. ते काम दहा मिनिटांचं होतं.

म्हणून आधी नेमकं काय गळतंय ते बघा. रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली स्वच्छ पुठ्ठा टाका, पुढची चाकं कुठे आहेत त्याची खूण करा. सकाळी डाग पाहा, बोटावर घ्या, वास घ्या. डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं. गिअर ऑइल जाड, मधासारखं किंवा तपकिरी, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. हिरवट आणि पाण्यासारखं असेल तर कूलंट. (ऑटोमॅटिक कारमध्ये गिअरचं तेल बहुतेक लालसर असतं, पण आपल्या भाड्याच्या जुन्या गाड्या मॅन्युअलच.)

आता जागा शोधा. इथेच जास्त लोक चुकतात, कारण चालत्या गाडीत वारा तेल मागे उडवतो आणि सगळा गिअरबॉक्स माखलेला दिसतो. डिझेलने आणि ब्रशने खालची बाजू साफ करा, पुसून कोरडी करा, वर टाल्कम पावडर मारा. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला भाग बघा. गळती तिथून आहे.

ड्रेन प्लग ओला असेल तर वॉशर बदला, विषय संपला. मागे, जिथून प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथे ओलं असेल तर मागचं ऑइल सील गेलं. आपल्या नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात जुनं रबर कडक होतं, त्याची ओठासारखी कड शाफ्टला धरत नाही. यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. शाफ्ट सोडला, फ्लँज काढली की सील समोर असतं. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या भागातून थेंब पडत असतील तर पुढचं सील किंवा इंजिनचं मागचं सील समजा. तेव्हा मात्र गिअरबॉक्स खाली येणारच. मग क्लच प्लेटही तपासून घ्या, मजुरी दोनदा कशाला द्यायची?

सील बदलण्याआधी दोन गोष्टी. गिअरबॉक्सच्या वरचा ब्रीदर चिखलाने बंद आहे का ते बघा. गरम झाल्यावर आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. दुसरं, शाफ्टचं टोक हाताने वर-खाली हलवा. खेळ जास्त असेल तर बेअरिंग गेलंय, आणि नवीन सीलही टिकणार नाही.

प्रत्यक्ष कामात जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड द्या, चाकांना ओट लावा. शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये टाकली तरी थांबत नाही, हे विसरू नका. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक रेघ मारा, तशीच परत जोडा, नाहीतर व्हायब्रेशन येतं. सील जिथे घासतं तिथे फ्लँजवर नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. मग नुसतं सील बदलून उपयोग नाही, फ्लँज बदला किंवा स्लीव्ह बसवा. नवीन सीलच्या कडेला थोडं तेल लावून ते सरळ, चारही बाजूंनी सारखं ठोका.

ऑइल बदलताना भरायचा प्लग आधी उघडा, मग खालचा. वरचा जाम निघाला आणि तेल आधीच सांडलं असेल, तर गाडी जागेवरून हलत नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. दुकानदार "जाड टाका, गळणार नाही" म्हणेल, ऐकू नका, चुकीच्या ऑइलने गिअर जड पडतात आणि आतल्या पितळी रिंगांचं नुकसान होऊ शकतं. सपाट जागी, प्लगच्या भोकापर्यंत भरा. जास्त भरलं तरी गळतं. जुनं तेल नालीत नाही, डब्यात.

गाडी घ्यायला जाताना खालची बाजू चकाचक धुतलेली दिसली तर खूश होऊ नका. मालकाला सांगा, "उद्या सकाळी परत येतो, आज रात्री खाली पुठ्ठा राहू द्या." डाग सीलचा निघाला तर त्या खर्चाएवढे पैसे भावात कमी करून घ्या. मधल्या घंटेतून थेंब असतील तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी, क्लच आणि दोन-तीन दिवसांचं बुडणारं भाडं धरूनच आकडा बोला.