साक्षीदार पन्नास, साक्ष एकाचीही नाही

दिवसाढवळ्या, भर कामाच्या वेळी, निदान पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत एका गोदी कामगाराला चौघांनी बेदम मारले. मारणारे कोण, हे साऱ्या गोदीला ठाऊक होते. तरीही कोणाला अटक झाली नाही, खटलाही उभा राहिला नाही.

ही हकीकत अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर बंदराची, १८३६ सालची. मार खाणारा होता अठरा वर्षांचा एक काळा गुलाम, फ्रेडरिक बेली. पुढे जगाने त्याला फ्रेडरिक डग्लस या नावाने ओळखले. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले, त्यांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला. त्याच मुक्तिलढ्याचा हा एक बिनीचा शिलेदार.

गोदीनेच शिकवली अक्षरे

फ्रेडरिकचा जन्म १८१८चा. आई गुलाम, म्हणून लेकरूही गुलाम. आठेक वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोरला मालकाच्या जावयाचा भाऊ ह्यू ऑल्ड याच्या घरी धाडले गेले. ऑल्डची पत्नी सोफिया त्याला मुळाक्षरे शिकवू लागली. नवऱ्याने ते ताबडतोब बंद पाडले. गुलाम वाचायला शिकला की गुलाम राहत नाही, हे त्याला पक्के माहीत होते.

पण पोराची जिद्द मोठी. गोदीत सुतार लाकूड तासून त्यावर खूण करीत. जहाजाच्या डाव्या बाजूच्या लाकडावर एक अक्षर, उजव्या बाजूच्या लाकडावर दुसरे. त्या खुणा पाहून पाहून तो लिहायला शिकला. गोदीतली लाकडे हीच त्याची पाटी झाली.

१८३६ साली ऑल्डने त्याला विल्यम गार्डिनर याच्या जहाजबांधणीच्या गोदीत कामाला लावले. लाकडी जहाजाच्या फळ्यांमधील फटीत दोराचे तंतू ठोकून बसवायचे आणि वर डांबर भरायचे, हे काम त्याने शिकायचे होते. परंतु तेथे मेक्सिको सरकारसाठी दोन मोठी लढाऊ जहाजे बांधली जात होती. ती जुलैत पाण्यात उतरवायची, उशीर झाला तर मालकाला जबर दंड. अशा घाईत पोराला शिकवतो कोण? पंचाहत्तर सुतारांचा तो हरकाम्या झाला. एक म्हणे पाणी आण, दुसरा म्हणे ओंडका उचल, तिसरा म्हणे आग पेटव.

मारहाण

त्या गोदीत गोरे सुतार आणि गुलामगिरीतून मोकळे असलेले काळे सुतार एकत्र राबत होते. एके दिवशी गोऱ्या सुतारांनी काम बंद केले. काळ्यांना काढा, नाहीतर आम्ही हत्यार उचलणार नाही, अशी त्यांची मागणी. काळे लोक धंदा बळकावतील आणि गरीब गोऱ्यांची रोजीरोटी जाईल, ही ओरड झाली. ते वारे शिकाऊ गोऱ्या पोरांच्याही डोक्यात शिरले. फ्रेडरिकबरोबर काम करणे त्यांना कमीपणाचे वाटू लागले.

शेवटी चौघांनी त्याला घेरले. समोरच्याच्या हातात अर्धी वीट, दोन बाजूंना दोघे आणि पाठीमागे एक जण जड दांडका घेऊन. दांडक्याचा घाव डोक्यात बसला आणि तो कोसळला. हातागुडघ्यांवर उठू लागला, तेव्हा एकाने जड बुटाची लाथ डाव्या डोळ्यावर मारली. डोळा फुटला की काय, असे वाटण्याइतका सुजला. पन्नास तरी सुतार उभे राहून पाहत होते. एकानेही ‘पुरे’ म्हटले नाही. उलट, याने गोऱ्या माणसावर हात टाकला, याला ठारच करा, असे काही जण ओरडत होते.

मॅजिस्ट्रेटच्या दारात

रक्तबंबाळ अवस्थेत तो घरी पोचला. सोफियाने जखमा धुतल्या आणि डोळ्यावर ताज्या मांसाचा तुकडा बांधला. ह्यू ऑल्ड संतापला. त्या संतापात माणुसकी किती आणि आपल्या मालमत्तेला हात लावल्याचा राग किती, हा प्रश्नच आहे. डग्लस यांनीही पुढे तो संशय लिहून ठेवला. पण ऑल्ड त्याला घेऊन बाँड स्ट्रीटवरील वॉटसन नावाच्या मॅजिस्ट्रेटकडे गेला.

त्या काळी खटल्याची पहिली पायरी म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर फिर्याद. फिर्यादीवरून वॉरंट, वॉरंटवरून अटक आणि मग खटला. वॉटसनने विचारले, हे पाहिले कोणी? ऑल्ड म्हणाला, भर दुपारी गोदीत घडले, सगळ्यांनी पाहिले. त्यावर उत्तर मिळाले की एखादा गोरा मनुष्य शपथेवर सांगायला पुढे आला तरच वॉरंट निघेल. फुटलेले डोके आणि सुजलेला डोळा समोर होता, पण तो पुरावा नव्हता. कारण ते सांगणारे तोंड काळे होते.

वॉटसनने हे मनचे सांगितले नव्हते. मेरीलँडमध्ये १७१७ सालीच कायदा झाला होता की गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष, मग तो गुलाम असो वा मोकळा, न्यायालयात चालणार नाही. हजार काळ्यांसमोर एखाद्या काळ्याचा खून झाला असता, तरी त्या हजारांच्या शब्दावर एक खुनी पकडला गेला नसता. पाहणाऱ्या पन्नासांपैकी कोणाचे मन कळवळले असेलही. पण काळ्याची बाजू घेणाऱ्यावर गुलामगिरीविरोधी असा शिक्का बसे आणि त्याच्याच जिवावर बेते. म्हणून सारे गप्प राहिले.

मारहाण चौघांनी केली, परंतु त्यांना अभय दिले ते या कायद्याने. ज्याची साक्ष धरली जात नाही, त्याला कोणीही मारावे, असाच त्याचा अर्थ होता.

त्याने साक्ष दिलीच

पुढे फ्रेडरिक दुसऱ्या गोदीत हे काम शिकला आणि वर्षभरात आठवड्याला सहा-सात डॉलर मिळवू लागला. ती सारी मजुरी ऑल्डच्या हातावर ठेवावी लागे. अखेर ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश करून, दुसऱ्याचा परवाना खिशात घालून तो आगगाडीने निसटला. ॲना मरे या मोकळ्या काळ्या तरुणीने त्याला पैशांची मदत केली. न्यूयॉर्कला पोचल्यावर दोघांनी लग्न केले. न्यू बेडफर्ड बंदरात मात्र गोऱ्या कामगारांच्या विरोधामुळे त्याला आपला धंदा करता आला नाही. तेथे त्याने लाकडे फोडली, कोळसा उपसला, जहाजात माल भरला.

मॅजिस्ट्रेटने न घेतलेली साक्ष डग्लस यांनी १८४५ साली आपल्या आत्मकथनातून साऱ्या जगापुढे दिली. १८५५च्या दुसऱ्या ग्रंथात त्या चौघांची नावेही छापली. पण केवळ शिव्याशाप देऊन ते थांबले नाहीत. गुलामाची मजुरी मालक लुटतो आणि फुकटच्या मजुरीपुढे गोऱ्या कामगाराचा रोजही पडतो, म्हणजे तोही नागवला जातो, हे त्यांनी समजावून सांगितले. मालकांनी काळ्यागोऱ्यांना झुंजवत ठेवले, हे त्यांचे निदान होते.

१८६४ साली मेरीलँडमधील गुलामगिरी संपली. १८६६च्या नागरी हक्क कायद्याने काळ्या माणसाला साक्षीचा हक्क दिला आणि १८६७च्या मेरीलँडच्या राज्यघटनेतही तो आला. बाल्टिमोरच्या गोऱ्या कामगारांनी १८६५ साली पुन्हा संप करून काळ्यांना गोद्यांबाहेर काढले, तेव्हा आयझॅक मायर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या समाजात भांडवल उभारून १८६६ साली स्वतःचीच गोदी काढली.

आणि १८७७ साली फ्रेडरिक डग्लस राजधानी वॉशिंग्टनचे मार्शल झाले. न्यायालयाची वॉरंटे बजावणे हे मार्शलचे काम. ज्याच्या शब्दावर एकेकाळी एक वॉरंट निघाले नव्हते, त्याच्याच हुकमाने आता ती बजावली जाऊ लागली.

वाचकहो, घरातल्या मुलामुलींना ही हकीकत जरूर सांगावी. आणि कधी कोणावर हात उगारलेला आपण डोळ्यांनी पाहिला, तर गोदीतल्या त्या पन्नास जणांची आठवण ठेवावी.