निनावी परीक्षक

संशोधन-नियतकालिकाकडे आलेला निबंध संपादक प्रथम स्वतः चाळतो आणि विचारार्ह वाटल्यास त्या विषयातील एक-दोन जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवितो. परीक्षकाला बहुधा लेखकाचे नाव ठाऊक असते. लेखकाला परीक्षकाचे कळू दिले जात नाही. सामाजिक शास्त्रांच्या अनेक नियतकालिकांत दोन्ही नावे झाकण्याची चाल आहे. (अर्थात संदर्भांची यादी पाहून लेखक ओळखणे मुरलेल्या परीक्षकास अवघड जात नाही!) अभिप्राय हा केवळ सल्ला होय, निर्णय संपादकाचा.

हा आडपडदा कशासाठी, हे १९३६ सालच्या एका प्रकरणावरून चांगले उमगते. गुरुत्वीय तरंग अस्तित्वात असू शकत नाहीत, असे प्रतिपादणारा निबंध आइन्स्टाइन व रोझेन यांनी अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे धाडला. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकास दाखविला. परीक्षकाने सुमारे दहा पृष्ठांचे टिपण लिहून दाखवून दिले, की लेखकांस अडविणारी अनंतता निसर्गातील नसून त्यांनी निवडलेल्या निर्देशकपद्धतीतून उद्भवलेली आहे. टेट यांनी ते टिपण आइन्स्टाइनकडे पाठविले. छापण्यापूर्वी हस्तलिखित परक्यास दाखविण्याची आपण अनुमती दिली नव्हती, अशा आशयाचे रागाचे उत्तर आले आणि निबंध परत घेण्यात आला. जर्मन नियतकालिकांत मुरलेल्या आइन्स्टाइनांना ही पद्धत अपरिचित होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

पुढे प्रिन्स्टन येथील हॉवर्ड रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइनचे सहकारी इन्फेल्ड यांच्याशी बोलता बोलता हाच दोष निदर्शनास आणला. त्या सुमारास आइन्स्टाइनलाही चूक उमगली होती. १९३७ मध्ये निबंध ‘फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’च्या नियतकालिकात निघाला, तो निष्कर्ष पालटून. गुरुत्वीय तरंग २०१५ साली प्रत्यक्ष टिपले गेले.

जगन्मान्य शास्त्रज्ञाची चूक सहीनिशी दाखविण्यास किती जण धजले असते? मात्र तोच पडदा मत्सरी वा आळशी परीक्षकासही झाकतो. त्याच्या अभिप्रायाचे मोल ठरविणारा संपादकच दुबळा असेल, तर लेखकाला दाद मागावयास जागा उरत नाही. टेट यांनी केवळ नाव पाहून निबंध छापला नाही, आणि टिपणही दडविले नाही.

तो परीक्षक म्हणजे रॉबर्टसनच, हे ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या जुन्या नोंदवहीवरून २००५ साली प्रसिद्ध झाले. रॉबर्टसन १९६१ मध्येच निवर्तले होते.